शैक्षणिक क्लिप आर्ट

शैक्षणिक क्लिप आर्ट म्हणजे वर्गात वापरण्याच्या कृतिपत्रिका, तक्ते, शब्दपट्ट्या व चित्रकार्डे यांसाठी तयार केलेली सुटी अंकीय चित्रे होत. ती संचाच्या रूपात संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. त्यांचे ग्राहक प्रामुख्याने शिक्षक असतात. त्यांपैकी अनेक जण हीच चित्रे वापरून स्वतःच्या कृतिपत्रिका बनवतात व त्या इतर शिक्षकांना विकतात. त्यामुळे एका चित्राचा प्रवास चित्रकाराकडून थेट वर्गात न होता बहुधा दोन-तीन हातांतून होतो.

पार्श्वभूमी

‘क्लिप आर्ट’ या नावात कात्री दडलेली आहे. पूर्वी मुद्रणासाठी तयार रेखाचित्रांची पुस्तके मिळत. त्यांतील हवे ते चित्र कापून पानाच्या मांडणीवर चिकटवले जाई. महाराष्ट्रातील शाळांना ही पद्धत नवी नाही. दुकानात मिळणाऱ्या छापील तक्त्यातील फळे, प्राणी वा वाहने कापून पुठ्ठ्यावर चिकटवणे हा शैक्षणिक साहित्यनिर्मितीचा जुना मार्ग आहे. संगणक आल्यावर कात्रीची जागा ‘कॉपी-पेस्ट’ने घेतली. मायक्रोसॉफ्टने आपल्या ऑफिस प्रणालीसोबतचा ऑनलाइन क्लिप आर्ट संग्रह २०१४च्या अखेरीस बंद केला.

शिक्षकांनी शिक्षकांना साहित्य विकण्याची सर्वांत परिचित बाजारपेठ म्हणजे ‘टीचर्स पे टीचर्स’ हे अमेरिकी संकेतस्थळ. न्यूयॉर्कमधील शिक्षक पॉल एडेलमन यांनी ते २००६ मध्ये सुरू केले. २०२३ मध्ये ते आयएक्सएल लर्निंग या कंपनीने विकत घेतले.

निर्मिती

संचाची आखणी चित्रापासून नव्हे, तर पाठापासून सुरू होते. ‘वनस्पतीचे जीवनचक्र’ या संचात बी, अंकुर, रोप, फूल व फळ ही चित्रे एकाच शैलीत, पण स्वतंत्र फायलींत द्यावी लागतात. कारण शिक्षकाला ती उलटसुलट क्रमाने मांडून विद्यार्थ्यांकडून क्रम लावून घ्यायचा असतो. सगळे टप्पे एकाच चित्रात गुंफले, तर ते देखणे दिसते, पण अभ्यासाच्या कामी येत नाही.

चित्रे सामान्यतः पीएनजी स्वरूपात देतात, कारण त्यात पार्श्वभूमी पारदर्शक ठेवता येते. जेपीजी स्वरूपात तशी सोय नसल्यामुळे चित्राभोवती पांढरी चौकट उरते. छपाईसाठी दर इंचास ३०० बिंदू हे प्रमाण रूढ आहे. या हिशेबाने ए-४ आकाराच्या पूर्ण पानासाठी २४८० × ३५०८ बिंदू लागतात, तर अमेरिकेत प्रचलित असलेल्या ‘लेटर’ आकारासाठी २५५० × ३३००. लहान बिंदुचित्र ताणून मोठे केले की त्याच्या कडा फाटतात. सदिश चित्रात ही अडचण येत नाही, म्हणून अनेक चित्रकार मूळ रेखाटन सदिश स्वरूपात जपून ठेवतात.

रंगीत चित्रासोबत केवळ काळ्या बाह्यरेषांची आवृत्ती देणे जवळजवळ अनिवार्य मानले जाते. बहुसंख्य शाळांतील झेरॉक्स यंत्र कृष्णधवल असते. त्यावर नारिंगी संत्रे आणि हिरवा पेरू एकाच राखी छटेत उमटतात, आणि शाईही वाया जाते. रेषाचित्र मात्र स्वच्छ छापले जाते व मुलांना रंगवताही येते. रेषा फार बारीक असेल, तर झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये ती तुटते. हा दोष चित्रकाराला पडद्यावर कधीच दिसत नाही.

आशयाची अचूकता

सजावटीच्या चित्रातील चूक खपून जाते, पाठातील चित्राची चूक मुलाच्या मनात घर करते. साडेतीन वाजल्याचे दाखवताना तासकाटा नेमका तीनवर ठेवणे, कोळ्याला सहा पाय काढणे, इंद्रधनुष्यात तांबडा रंग आतल्या बाजूला देणे, चंद्रकोरीच्या पोकळीत चांदणी बसवणे, अपूर्णांकाच्या वर्तुळाचे भाग असमान पाडणे, पेंग्विन व ध्रुवीय अस्वल एकाच बर्फावर उभे करणे या नेहमी आढळणाऱ्या चुका आहेत. असा संच अनेक कृतिपत्रिकांत गेल्यावर मूळ फाईल सुधारली, तरी छापून वाटलेली पाने परत येत नाहीत.

देवनागरी अक्षरचित्रे

मराठी संचांत अक्षरांच्या वळणाचा प्रश्न वेगळा उभा राहतो. अनेक देवनागरी टंकांत ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदी वळणाची रूपे गृहीत धरलेली असतात. काहींत मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवल्यावरच मराठी रूप उमटते. महाराष्ट्र शासनाने २०२२ च्या शासन निर्णयानुसार पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ यांचा वापर ठरवून दिला आहे. पहिलीच्या मुलासाठी तक्त्यावरचे अक्षर आणि पाठ्यपुस्तकातले अक्षर वेगळे असणे ही किरकोळ बाब नव्हे. ग्राहकाच्या संगणकावर टंक नसल्यास जोडाक्षरे विस्कटतात, म्हणून अक्षरांचे रूपांतर बाह्यरेषांत करून मगच संच दिला जातो.

परवाना व मालकी

संच विकत घेणे म्हणजे चित्राची मालकी घेणे नव्हे. ग्राहकाला मिळतो तो वापराचा परवाना. वैयक्तिक परवान्यात स्वतःच्या वर्गापुरता वापर येतो. व्यावसायिक परवान्यात चित्रे घालून बनवलेले साहित्य विकता येते, परंतु ती सुटी काढता येणार नाहीत अशा रीतीने पीडीएफमध्ये एकजीव करण्याची आणि चित्रकाराचा उल्लेख करण्याची अट बहुधा असते.

भारतात प्रताधिकार कायदा, १९५७ मधील कलम ५२ शिक्षकाला शिकवण्याच्या ओघात साहित्याची प्रत करू देते. ही सवलत विक्रीलाही लागू आहे, असा समज चुकीचा आहे. बालभारतीच्या पुस्तकातील चित्र फळ्यावर काढणे वेगळे आणि तेच चित्र कृतिपत्रिकेत घालून विनापरवानगी विकणे वेगळे.

शिक्षकाने स्वतः काढलेल्या चित्राची मालकीही निःसंदिग्ध नसते. अमेरिकेत २००४ मधील शॉल विरुद्ध चेरी व्हॅली-स्प्रिंगफील्ड या खटल्यात अपील न्यायालयाने, नोकरीचा भाग म्हणून शिक्षकाने तयार केलेल्या चाचण्या व गृहपाठ यांचा प्रताधिकार त्याच्याकडे नसतो, असे ठरवले. भारतीय कायद्याच्या कलम १७ नुसारही, वेगळा करार नसल्यास, नोकरीच्या ओघात केलेल्या निर्मितीचा प्रथम मालक नियोक्ता असतो. शिवाय महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ ज्यांना लागू आहेत, अशा कर्मचाऱ्यांना खासगी व्यापारासाठी शासनाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते.