पाच आठवडे थांबा

त्या मुलीला मी मागच्या दाराने आत घेतलं. पुढच्या बाकांवर सात-आठ गरोदर बाया बसल्या होत्या आणि हिच्या अंगावरचे कांजिण्यांचे फोड अजून ओले होते. चौदावा आठवडा. पुतण्याच्या कांजिण्या हिला लागल्या होत्या. सासूबाईंनी अंथरुणावर कडुलिंबाचा पाला घातला होता, पण जीव थाऱ्यावर नव्हता. "डॉक्टर, आत्ताच सोनोग्राफी करा. बाळात काही असेल तर मोकळं करून टाकू."

मी मशीनला हातच लावला नाही. विषाणू वारेतून बाळापर्यंत गेला असला, तरी त्याच्या खुणा पडद्यावर उमटायला निदान पाच आठवडे लागतात. आजचं चित्र चांगलं दिसलंच असतं, आणि त्या दिलाशाला काही अर्थ नव्हता.

मग आकडा सांगितला. १३ ते २० आठवड्यांत आईला कांजिण्या झाल्या, तर बाळात व्यंग येण्याची शक्यता सुमारे २ टक्के. त्याआधी अर्ध्या टक्क्याहूनही कमी. नुसत्या भीतीपोटी गर्भ पाडायला निघालेली घरं मी पाहिली आहेत, म्हणून हा आकडा मी प्रत्येकीला दोनदा सांगते.

सासूबाईंना नागीण माहीत होती. तोच हा विषाणू. मज्जातंतूच्या मुळाशी दडून बसतो, म्हणून नागीण शरीराच्या एकाच बाजूला, एका पट्ट्यात उठते. गर्भातही तो मज्जातंतूंनाच गाठतो, पण तिथे अवयव अजून घडत असतात. त्या तंतूवर वाढणारा हात किंवा पाय बारीक, आखूड राहतो. मूठ आवळलेली राहते, पाऊल वाकडं होतं. मेंदूतल्या पोकळ्या फुगतात, डोकं लहान राहतं, यकृतात पांढरे ठिपके चमकतात. शंका आली, तर गर्भजलाची पीसीआर तपासणी करता येते. त्वचेवरचे व्रण मात्र सोनोग्राफीत दिसत नाहीत, डोळ्यातला मोतीबिंदूही सहज सापडत नाही.

"आता बाळापेक्षा हिच्याकडे लक्ष द्या," मी म्हणाले. गरोदरपणात कांजिण्या फुप्फुसात उतरल्या, तर जिवावर बेततं. "धाप लागली तर रात्र काढू नका." पुतण्याला फोड दिसले त्याच दिवशी ती आली असती, तर रक्त तपासून, गरज असेल तर इम्युनोग्लोब्युलिन देता आलं असतं, ते संपर्कानंतर १० दिवसांच्या आत द्यायचं असतं. लस जिवंत विषाणूची, ती गरोदरपणात चालत नाही. तिच्या धाकट्या जावेला अजून दिवस राहायचे होते. तिला म्हटलं, तू आधी लस घे आणि शेवटच्या डोसनंतर महिनाभर थांब.

एकोणिसाव्या आठवड्यात सासू-सून पुन्हा आल्या. मांडीची हाडं दोन्हीकडची मोजली, सारखी भरली. मेंदूतली पोकळी ७ मिलिमीटर. १० च्या आत हवी. यकृत स्वच्छ. उजवा हात मात्र बाळाने हनुवटीखाली घट्ट धरला होता. आईला कुशीवर वळवलं, थोडं चालायला लावलं. सासूबाई पडद्याला नाक लावून उभ्या.

"उघडली का हो मूठ?"

वीस मिनिटांनी उघडली. पाचही बोटं मोजून दाखवली आणि पुढची तारीख चोविसाव्या आठवड्याची लिहून दिली.