एकाची युक्ती, सगळ्या सोयाबीनवर हक्क

पेटंट म्हणजे नवा शोध लावणाऱ्याला सरकारने ठरावीक मुदतीसाठी दिलेला मक्ता. आपल्या देशात ही मुदत अर्ज केल्यापासून २० वर्षांची आहे. तेवढ्या काळात त्याच्या परवानगीवाचून इतरांना तो शोध धंद्यासाठी वापरता येत नाही. बदल्यात त्याने आपली कृती कागदावर उघड करायची असते. त्याच्या कष्टाचे चीज होते, लोकांना ज्ञान मिळते. सौदा न्याय्य आहे.

परंतु मक्ता केलेल्या कामापेक्षा मोठा झाला तर काय होते? सोयाबीनचे उदाहरण पाहा.

अमेरिकेतील ॲग्रासिटस कंपनीने एक युक्ती काढली. सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना जनुकांचा, म्हणजे वंशगुण ठरवणाऱ्या घटकांचा, लेप द्यायचा आणि ते कण वेगाने रोपाच्या पेशींत मारायचे. १९९४ मध्ये युरोपच्या पेटंट कार्यालयाने तिला पेटंट दिले. पण ते या युक्तीपुरते नव्हते. जनुकबदल केलेले कोणतेही सोयाबीन, मग ते कोणत्याही पद्धतीने केलेले असो, त्यात आले. एकाने विहीर खणली तर तिचे पाणी त्याचे. म्हणून गावातल्या सगळ्या जमिनीखालचे पाणी त्याचे होते काय?

मोन्सँटो या बड्या कंपनीनेही तेव्हा हरकत घेतली. पुढे १९९६ मध्ये तिने ॲग्रासिटसच विकत घेतली, हरकत मागे घेतली आणि त्याच पेटंटची बाजू लढवली. इतरांच्या हरकती चालू राहिल्या. अखेर मे २००७ मध्ये पेटंट रद्द झाले. अर्ज १९८८ चा होता, म्हणजे मुदत तशीही संपत आली होती.

नुकसान कोणाचे? दुसरी, कदाचित अधिक चांगली वाट शोधणाऱ्याचे. मोठी कंपनी वकील लावते किंवा पेटंटच विकत घेते. लहान बियाणे कंपनी किंवा कृषी महाविद्यालय कोर्टाच्या भीतीने काम सोडून देते. न केलेल्या प्रयोगांची नोंद कुठेच होत नाही.

जनुकबदल केलेल्या कापसावर याच कंपनीने भारतातही पेटंट मिळवले होते. सरकारने ते १९९४ मध्ये सार्वजनिक हितासाठी रद्द केले. आज आपल्या कायद्याने रोपे व बियाणे यांवर पेटंट मिळत नाही. २००१ च्या कायद्याप्रमाणे शेतकऱ्याला आपल्या शेतातील बी राखता, पेरता, बदलून देता व विकताही येते. मात्र संरक्षित वाणाचे बी कंपनीच्या छापाने विकता येत नाही. तसेच प्रसिद्ध झालेल्या पेटंट-अर्जावर, मंजुरीपूर्वी, कोणालाही लेखी हरकत घेता येते.

म्हणून वाचकहो, बियाण्याच्या किंवा औषधाच्या पेटंटची बातमी वाचाल तेव्हा तीन प्रश्न विचारा. याने प्रत्यक्ष काय केले? मागितले किती? आणि दुसऱ्याला वेगळ्या वाटेने जायला जागा उरली का?