स्वयंसेवकांची पदरमोड व अमेरिकेंतील प्राप्तिकर

दुष्काळनिवारणाच्या कामीं धान्य, चारा व पाणी यांवर होणारा खर्च जमाखर्चांत उमटतो. परंतु स्वयंसेवकानें पदरमोड करून दिलेलें गाडीभाडें त्यांत कोठेंच दिसत नाहीं. वस्तुतः तोहि दानधर्मच होय. अमेरिकेंत राहणारे आमचे कांहीं महाराष्ट्रीय हितचिंतक तेथील धर्मादाय संस्थांच्या वतीनें इकडे सेवेस येऊं इच्छितात, व अशा खर्चाची तेथील प्राप्तिकरांत वजावट मिळते काय, असें विचारतात. म्हणून त्या कायद्याचा मथितार्थ येथें देतों.

मान्यताप्राप्त अमेरिकन संस्थेची सेवा करितांना जो खर्च स्वयंसेवकानें स्वतः सोसला व संस्थेनें भरून दिला नाहीं, तो दानांत धरितां येतो. प्रवासभाडें, तसेंच घराबाहेर रात्र काढावी लागल्यास वाजवी भोजन व निवास, हीं त्यांत येतात. स्वतःची मोटार वापरल्यास दर मैलास १४ सेंट हा दर कायद्यांतच ठरविलेला आहे. मात्र वेळेचें व श्रमाचें मोल धरितां येत नाहीं. वकिलानें आठवडाभर फुकट काम केलें, तरी त्याच्या फीची वजावट नाहीं. प्रवासांत मौजेचा अंश लक्षणीय असल्यास प्रवासखर्चहि बाद होतो. खर्च २५० डॉलर वा अधिक असल्यास, विवरणपत्र भरण्यापूर्वीं संस्थेचा लेखी दाखला घेणें अवश्य आहे.

या बाबतींत १९९० सालचा एक निकाल फार बोधप्रद आहे. मॉर्मन पंथाच्या दोन तरुण धर्मप्रचारकांच्या आईबापांनीं मुलांच्या खात्यांत परस्पर पैसे पाठविले व वजावट मागितली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ती नाकारली. एक तर तो पैसा संस्थेच्या ताब्यांत गेला नव्हता; आणि दुसरें, पदरमोडीची सवलत प्रत्यक्ष सेवा करणारासच आहे, त्याच्या आईबापांस नाहीं.

हा कायदा आपल्या देशांत लागू नाहीं, हें दात्यांनीं ध्यानांत ठेवावें; परंतु त्यांतील तत्त्व आम्हांसहि उपयोगी आहे. कित्येक सद्गृहस्थ ओळखीच्या स्वयंसेवकाच्या हातीं प्रेमानें रोख रक्कम ठेवितात. स्वयंसेवकांविषयीं आम्हांस संशय नाहीं. पण अशी रक्कम कोणत्या गांवीं गेली हें कमिटीस कळत नाहीं, आणि एका गांवीं मदत दुबार जाऊन शेजारचें गांव उपाशी राहण्याचा संभव असतो.

तरी व्यापारी व जमीनमालक बंधूंस विनंति कीं, देणगी कमिटीच्या नांवें देऊन पावती घ्यावी. व स्वयंसेवकांनीं खर्चाचें टिपण तारीखवार ठेवावें. ज्यांस नांव छापणें नको असेल त्यांनीं तसें कळवावें. आम्ही ‘एक सद्गृहस्थ’ एवढेंच छापूं. रक्कम मात्र छापल्यावांचून राहणार नाहीं.