रात्रीच्या गरीला कोणती शेगडी?

खाडीवर रात्रभर गरी टाकून बसायचं तर माशाची हमी कुणीच देत नाही. चहाची मात्र आपली आपण द्यावी लागते. दाभोळची खाडी असो, बाणकोटची की जयगडची, जिताडा आणि तांबोशी भरती-ओहोटीच्या वेळा पाळतात, आपल्या जेवणाच्या नाही. म्हणून रात्री दोनलाही पाणी तापवता आलं पाहिजे आणि पहाटे पाचलाही. तीन दगडांची चूल हा जुना उपाय आहेच. पण पावसाळा सरल्यावर काठावरचं लाकूड लवकर वाळत नाही, धूर डोळ्यांत जातो, आणि जागा राखीव वनात येत असेल तर मनमानी विस्तव पेटवणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा ठरतो. तिथे चूलच काय, शेगडीसुद्धा वनखात्याला विचारल्याशिवाय पेटवू नये.

मग माणूस छोटी शेगडी घ्यायला दुकानात जातो आणि खोक्यावरचा किलोवॅटचा आकडा पाहून भुलतो. खरं तर ज्योत किती मोठी, हा प्रश्न सगळ्यांत शेवटी येतो. त्याआधी तीन गोष्टी ठरवायच्या: भांडं कोणतं, ते किती लांब उचलून न्यायचं, आणि काठावर वारा कसा असतो.

आधी भांडं

नुसता चहा आणि नूडल्स एवढाच बेत असेल तर अरुंद, जोरदार ज्योतीची छोटी शेगडी चालते. पण आपल्याकडे गरवायला गेलेला माणूस मासा मिळाला की तो तिथेच तळायला बघतो. मीठ-हळद-तिखट चोळलेली, रव्यात घोळवलेली तुकडी तव्यावर टाकली की तिला मंद आणि पसरलेली आच लागते. छोट्या बर्नरची ज्योत तव्याच्या मधोमध एकाच ठिकाणी लागते. तिथला रवा काळा पडतो आणि कडेची तुकडी कच्ची राहते. तेव्हा तळण करायचं असेल तर बर्नरचं तोंड रुंद हवं आणि आच खरोखर कमी करता आली पाहिजे. दुकानात शेगडी पेटवून दाखवत असतील तर मोठी ज्योत पाहण्यापेक्षा बारीक ज्योत टिकते का, ते पाहावं.

दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे भांड्याचे टेकू. भात आणि पाणी मिळून अडीच-तीन किलोंचं पातेलं खडकावर, अंधारात, हेडलाइटच्या उजेडात डुगडुगता कामा नये. बसकी, चार पायांवर उभी शेगडी इथे सरस ठरते. डब्याच्या डोक्यावर थेट बसणारा बर्नर उंच होतो आणि वर मोठं भांडं ठेवलं की सगळा डोलारा कलंडायला बघतो.

इंधन कोणतं?

रॉकेलचा पंपाचा स्टो आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या होता. स्वीडनमध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने १८९२च्या सुमारास प्रायमस स्टो बनवला, त्याचीच ही जात. त्यात रॉकेल जळत नाही, रॉकेलची वाफ जळते. म्हणून आधी काकड्याने बर्नर तापवायचा, मग पंप मारायचा. बर्नर पुरेसा तापला नाही तर पिवळी, भडकणारी ज्योत येते. वाऱ्यातही हा स्टो बऱ्यापैकी तग धरतो. पण पिन मारणं, वॉशर बदलणं ज्याला येतं त्यानेच तो न्यावा. शिवाय रॉकेल पूर्वीसारखं सहज मिळत नाही आणि हाताला वास लागला की तोच हात आमिषाच्या कोळंबीला लागतो.

स्पिरिटचा छोटा पितळी दिवा सगळ्यांत साधा. ना पंप, ना नळी, बिघडायला काही नाही. पण स्पिरिटमध्ये उष्णता कमी. एका किलो एलपीजीतून साधारण ४६ मेगाज्यूल उष्णता मिळते, रॉकेलमधून ४३ आणि इथेनॉलमधून सुमारे २७. त्यात स्पिरिटची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही. दिवा विझला असं समजून कुणी त्यात वरून स्पिरिट ओततो आणि भडका उडतो. दिवा पूर्ण गार झाल्याशिवाय तो भरायचा नाही, हा नियम पाळणार असाल तर राखीव चूल म्हणून स्पिरिट चांगलं.

पाच किलोंचा छोटा सिलिंडर आठ-दहा जणांची टोळी गाडीने जात असेल तर सोयीचा. इंडियन ऑइलचा ‘छोटू’ याच वर्गातला. दोघा-तिघांसाठी मात्र ते ओझंच.

उरला गॅसचा डबा, आणि आज बहुतेकांची निवड तीच आहे. डबे मुख्यतः दोन प्रकारचे. एक लांब, स्प्रेच्या डब्यासारखा, सुमारे २२० ग्रॅम गॅसचा. तो आडवा बसतो अशा चपट्या शेगडीला कॅसेट शेगडी म्हणतात. जपानच्या इवातानी कंपनीने अशी शेगडी १९६९मध्ये बाजारात आणली. दुसरा डबा बसका, आटे असलेला. त्यावर घडी होणारा छोटा बर्नर फिरवून बसवतात किंवा नळीने जोडतात. लांब डबा स्वस्त आणि जास्त ठिकाणी मिळतो. बसका डबा ट्रेकिंगच्या दुकानांत मिळतो. शेगडी घेण्याआधी आपल्या गावात कोणता डबा बारा महिने मिळतो, ते विचारून घ्यावं. डबा न मिळणारी उत्तम शेगडी माळ्यावर पडून राहते.

डब्याच्या आत काय चालतं?

डब्यात गॅस द्रवरूपात असतो. तो उकळतो, वाफ होते आणि ती वाफ जळते. ब्युटेन उणे ०.५ अंश सेल्सिअसला उकळतं, आयसोब्युटेन उणे १२च्या आसपास आणि प्रोपेन उणे ४२ला. कोकणच्या काठावर थंडीतही साधं ब्युटेन पुरतं. भंडारदऱ्याला किंवा कोयनेच्या पाणलोटात डिसेंबर-जानेवारीत राहणार असाल तर मिश्रणाचा डबा बरा. कारण वाफ होताना द्रव स्वतःची उष्णता गमावतो, डबा गार पडत जातो आणि दाब उतरतो. गॅस शिल्लक असूनही पहाटे ज्योत मलूल होते, ती यामुळे.

कॅसेट शेगडीत डबा बसवताना एक गोष्ट नीट पाहावी. डब्याच्या तोंडाशी धातूची कडी असते आणि तिला एक खाच असते. ही खाच वर, शेगडीच्या जिभेसमोर आली पाहिजे. डब्याच्या आत एक वाकडी नळी असते. खाच वर असली की त्या नळीचं तोंडही वर, वाफेत राहतं. डबा उलटा बसला तर नळी द्रवात बुडते, बर्नरला वाफेऐवजी द्रव जातो आणि ज्योत फूटभर उसळते. खाच जुळवायची, चावी बंद आहे ना पाहायचं, मग खटका खाली दाबायचा. स्वयंपाक झाला की खटका उचलून डबा बाहेर काढून ठेवायचा.

रिकामा डबा घरच्या सिलिंडरमधून भरण्याचे व्हिडिओ फिरतात. ते करू नये. घरच्या गॅसमध्ये प्रोपेन मिसळलेलं असतं आणि ३० अंशांना शुद्ध प्रोपेनचा दाब ब्युटेनच्या जवळजवळ चौपट असतो. तो पातळ पत्र्याचा डबा त्या दाबासाठी बनवलेला नसतो.

वारा

काठावरच्या शेगडीचा खरा शत्रू वारा. ज्योत विझली नाही तरी वारा तापलेली हवा भांड्याच्या बुडाखालून ओढून नेतो. गॅस जळत राहतो, पाणी मात्र कोमटच. मोठ्या ज्योतीची शेगडी घेऊन हे सुटत नाही. आडोसा करून सुटतं.

आडोसा कुठल्या बाजूला करायचा, हे किनाऱ्यावर वेळेवर ठरतं. दिवसभर आणि संध्याकाळी खारे वारे समुद्राकडून येतात. रात्र चढली, जमीन गार झाली की मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतात. म्हणजे संध्याकाळचा चहा ज्या आडोशाला झाला, त्याच्या उलट बाजूला पहाटेचा करावा लागतो. तेव्हा दुमडता येणारा पत्र्याचा पडदा नेणं चांगलं.

पडदा लावतानाही डोकं शाबूत ठेवायचं. डबा बर्नरच्या खालीच असलेल्या शेगडीला चारी बाजूंनी वेढा घातला तर उष्णता कोंडते आणि डबा तापतो. बहुतेक डब्यांवर ५० अंशांपेक्षा जास्त तापू देऊ नका, असं छापलेलं असतं. पडदा तीनच बाजूंना, आणि अधूनमधून डब्याला हात लावून पाहायचा. गरम लागला तर लगेच बंद. कॅसेट शेगडीवर डब्याच्या कप्प्यावर झाकण येईल एवढा मोठा तवा ठेवू नये. तव्याची धग थेट डब्याला लागते. हेच उन्हात उभ्या गाडीचं. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीच्या डिकीत डबे ठेवून जाऊ नये. नळीने जोडलेल्या बर्नरचा डबा दूर असतो, म्हणून त्याला पूर्ण आडोसा केला तरी चालतो. चालत जाणाऱ्याला हा प्रकार थोडा महाग पडला तरी परवडतो.

किती गॅस न्यायचा?

हिशेब सोपा आहे. एक लिटर पाणी २७ अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ३०५ किलोज्यूल लागतात. अर्धी उष्णता वाया जाते असं धरलं तर साधारण १३ ग्रॅम गॅस. चौघांचा एक लिटर चहा रात्रीतून तीनदा केला तर ४० ग्रॅम. भात-कालवणाला ५०, तळणीला ३५, सकाळच्या पोह्यांना १५. एकूण १४० ग्रॅम. म्हणजे वारा नसेल तर एक लांब डबा रात्र काढतो आणि वर थोडा उरतो. पण वाऱ्यात खर्च दुप्पट धरायचा, म्हणून दुसरा डबा सोबत हवाच.

अर्धा वापरलेला डबा हलवून अंदाज घेऊ नये. नवा डबा घरच्या काट्यावर तोलून ते वजन मार्करने त्यावरच लिहून ठेवावं. पुढच्या वेळी पुन्हा तोललं की वजाबाकीने किती गॅस गेला ते कळतं.

काठावरचे नियम

शेगडी भरतीच्या खुणेच्या वर मांडायची. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी नेहमीपेक्षा वर येतं, तेव्हा वाळलेल्या शेवाळाच्या रेषेवर विश्वास ठेवू नये. आणखी वर सरकावं. रॉड आणि शेगडी यांच्यात अंतर हवं. वेणीची दोरी आणि नायलॉन क्षणात वितळतात आणि मोठा मासा लागल्यावर धावणारा माणूस पायाखाली पाहत नाही.

एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर खाली साचतो: तंबूच्या तळाला, होडीच्या बुडाशी. वास आला की ठिणगी नको, आधी मोकळी हवा. तंबूत किंवा बंद गाडीत शेगडी कधीही पेटवू नये. ऊब घेण्यासाठी तर नाहीच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पाऊस आला तर ताडपत्री वर ताणावी, बाजू उघड्या ठेवाव्यात.

खारी हवा शेगडीला खाते. घरी आल्यावर गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसून, वाळवून ठेवावी. ठिणगीचं बटण दमट हवेत दगा देतं, म्हणून लायटर आणि काडेपेटी वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत. रिकामा डबा आगीत टाकू नये, काठावर तर मुळीच सोडू नये.

कोकण रेल्वेने जाणाऱ्यांनी गॅस, रॉकेल, स्पिरिट यांतलं काहीही सोबत घेऊ नये. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १६४ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अशांनी डबा उतरल्यावर घ्यावा, नाहीतर थर्मासवर भागवावं.

मग घ्यायची कोणती?

गाडी काठापर्यंत जात असेल आणि मासा तळायचा असेल तर कॅसेट शेगडी, दोन लांब डबे आणि पत्र्याचा पडदा. खडक उतरून, पाठीवर सामान घेऊन जायचं असेल तर नळीने जोडलेला छोटा बर्नर आणि बसका डबा. एकट्याने फक्त चहापुरतं जायचं असेल तर स्पिरिटचा दिवाही पुरेल. घेतलेली शेगडी आधी घरच्या गच्चीवर, वाऱ्यात, अंधारात एकदा पेटवून पाहा, एक लिटर पाणी उकळा आणि डबा तोला. त्या एका चाचणीत तुम्हाला जे कळेल, ते खोक्यावरच्या कुठल्याच आकड्यावरून कळणार नाही.