छायाचित्र-फाइलींचे सामूहिक नामांतर

छायाचित्र-फाइलींचे सामूहिक नामांतर : संगणकात साठविलेल्या अनेक अंकीय छायाचित्रांच्या फाइलींची नावे एका ठराविक नियमानुसार एकाच वेळी बदलण्याची क्रिया. कॅमेऱ्याने आपोआप दिलेली नावे बहुधा अनुक्रमदर्शक असतात. त्यांवरून छायाचित्र केव्हा, कोठे व कशाचे घेतले याचा बोध होत नाही. शिवाय तेच नाव कालांतराने दुसऱ्या छायाचित्राला मिळू शकते. हे दोन्ही दोष दूर करून प्रत्येक छायाचित्राला अर्थपूर्ण व अनन्य नाव देणे, हा या क्रियेचा उद्देश होय.

फाइलीचे नाव छायाचित्राच्या आशयाचा भाग नसते. ते फोल्डरच्या सूचीत नोंदलेले असते. त्यामुळे नाव बदलल्याने चित्राच्या गुणवत्तेत काहीही फरक पडत नाही आणि हजारो फाइलींचे नामांतर अल्पावधीत होते. मात्र एका फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली राहू शकत नाहीत. नामांतरातील गंभीर अपघात मुख्यत्वे या मर्यादेतून उद्भवतात.

कॅमेऱ्यातील नावे : निरनिराळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांतील फाइलींची रचना सारखी असावी म्हणून जपानमध्ये १९९८ साली ‘डीसीएफ’ हे मानक तयार करण्यात आले. त्यानुसार स्मृतिपत्रावर ‘डीसीआयएम’ हे मुख्य फोल्डर असते. त्यातील उपफोल्डरांच्या नावांचा आरंभ १०० ते ९९९ यांपैकी एका क्रमांकाने होतो. फाइलीचे मूळ नाव आठ चिन्हांचे असून पहिली चार चिन्हे उत्पादकाने ठरविलेली (उदा., ‘आयएमजी_’ किंवा ‘डीएससी_’) व उरलेले चार अंक ०००१ ते ९९९९ यांमधील असतात. आठ चिन्हांची ही मर्यादा एमएस-डॉस प्रणालीतील जुन्या नामपद्धतीवरून आलेली आहे.

या योजनेत ९,९९९ व्या छायाचित्रानंतर क्रमांक पुन्हा ०००१ पासून सुरू होतो. स्मृतिपत्रावर उपफोल्डर वेगळे असल्याने अडचण येत नाही. परंतु सर्व छायाचित्रे संगणकावरील एकाच फोल्डरमध्ये आणली, की समान नावांची गाठ पडते. एकाच कंपनीचे दोन कॅमेरे वापरल्यास, किंवा प्रत्येक नव्या स्मृतिपत्राबरोबर क्रमांक आरंभापासून सुरू होत असल्यास, हीच अवस्था त्याहून लवकर येते.

नावाचे घटक : नव्या नावात सामान्यतः दिनांक, वेळ, स्थळ वा प्रसंग आणि अनुक्रमांक यांचा समावेश करतात. दिनांक व वेळ या गोष्टी छायाचित्राच्या फाइलीतच नोंदलेल्या असतात. ‘एक्झिफ’ या मानकानुसार (प्रथम आवृत्ती १९९५) कॅमेरा चित्राबरोबरच ते घेतल्याचा क्षण, उद्भासनकाल, भिंगाचे छिद्रमान इ. माहिती साठवितो. नामांतर करणारी आज्ञावली ही नोंद वाचून नाव तयार करू शकते. एक्झिफमध्ये दिनांकाचे घटक विसर्गासारख्या ‘:’ या चिन्हाने वेगळे केलेले असतात. पण विंडोज प्रणालीत हे चिन्ह फाइलीच्या नावात चालत नाही. म्हणून त्याऐवजी संयोगचिन्ह वा अधोरेषा वापरतात.

दिनांक वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहिणे इष्ट असते. आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाने (१९८८) हाच क्रम स्वीकारला आहे. ‘२०१९-०८-१५’ अशा रीतीने लिहिल्यास नावांचा वर्णानुक्रम व प्रसंगांचा कालानुक्रम एकच होतो. दिवस प्रथम लिहिल्यास निरनिराळ्या वर्षांतील पंधरा तारखा एकत्र येतात. अनुक्रमांकाच्या बाबतीतही अंकांची संख्या समान ठेवणे आवश्यक असते. साध्या वर्णानुक्रमात १० हा २ च्या आधी येतो; ००२ व ०१० असे लिहिल्यास क्रम बिघडत नाही. कॅमेरा एका सेकंदात अनेक छायाचित्रे घेऊ शकत असल्यामुळे केवळ वेळेवरून अनन्य नाव मिळेलच असे नाही. म्हणून वेळेपुढे अनुक्रमांक जोडणे योग्य ठरते. ‘२०१९-०८-१५_१०३०४५_पुणे_०१२’ हे अशा नावाचे उदाहरण होय.

काळाची नोंद कॅमेऱ्यातील घड्याळाइतकीच विश्वसनीय असते. एका विवाहाची छायाचित्रे दोघांनी घेतली व एकाचे घड्याळ तासभर मागे असले, तर त्याने घेतलेली सप्तपदीची चित्रे दुसऱ्याच्या मंगलाष्टकांच्या चित्रांत मिसळतात. म्हणून दोन्ही कॅमेऱ्यांनी टिपलेला एखादा समान क्षण शोधून घड्याळांतील अंतर काढतात व नामांतरापूर्वी एका संचाच्या नोंदी तेवढ्याने सरकवितात. क्रमवीक्षकाने अंकीय रूप दिलेल्या जुन्या छायाचित्रांत नोंद असलीच तर ती बहुधा क्रमवीक्षणाच्या दिवसाची असते. व्हॉट्सॲपवरून छायाचित्र म्हणून पाठविलेल्या चित्रांत मूळ एक्झिफ नोंद राहत नाही. अशा चित्रांचा काळ अन्य पुराव्यावरून ठरवून हाताने द्यावा लागतो.

साधने : एमएस-डॉसमधील ‘रेन’ व युनिक्समधील ‘एमव्ही’ या नामांतराच्या मूळ आज्ञा होत. अनेक फाइलींसाठी त्या लहान आज्ञावलीत गुंफून वापरतात. छायाचित्रांच्या बाबतीत फिल हार्वी यांची ‘एक्झिफटूल’ ही आज्ञावली (२००३) विशेष उपयुक्त ठरली आहे. ती अंतर्गत नोंदींवरून नावे बनविते. विंडोजमध्ये अनेक फाइली निवडून ‘एफ-२’ ही कळ दाबल्यास सर्वांना एक समान नाव व कंसातील क्रमांक मिळतो. ॲपलच्या संगणकांवर ‘योसेमिटी’ या आवृत्तीपासून (२०१४) नावातील मजकूर बदलण्याची, त्यात भर घालण्याची व क्रमांक देण्याची सोय फाइंडरमध्येच उपलब्ध झाली.

धोके व दक्षता : नियमातील एक चूक संचातील प्रत्येक फाइलीला लागू होते, हा सामूहिक नामांतराचा मोठा धोका होय. क्रमांक एकाने वाढविण्याचे उदाहरण बोधक आहे. ००१ ते १०० या फाइलींना अनुक्रमे ००२ ते १०१ अशी नावे देताना आरंभ पहिल्या फाइलीपासून केला, तर तिला द्यावयाचे नाव दुसऱ्या फाइलीने आधीच धारण केलेले असते. युनिक्समधील ‘एमव्ही’ ही आज्ञा सामान्यतः पूर्वसूचना न देता जुन्या फाइलीच्या जागी नवी ठेवते. त्यामुळे दुसरे छायाचित्र नष्ट होते, त्या नावाने पहिले पुढे सरकते व तिसऱ्याला नष्ट करते. अखेरीस शंभरांपैकी पहिले एकच छायाचित्र उरते आणि उरलेली नव्व्याण्णव कचरापेटीतही सापडत नाहीत. हे टाळण्यासाठी शेवटच्या फाइलीपासून आरंभ करतात, किंवा सर्व फाइलींना प्रथम तात्पुरती व नंतर अंतिम नावे देतात.

फाइलींमधील परस्परसंबंध हा दुसरा विचारार्ह भाग होय. काही कॅमेरे एकाच दृश्याची ‘रॉ’ व ‘जेपीईजी’ अशी दोन रूपे साठवितात. संस्कारांच्या नोंदी कित्येकदा ‘एक्सएमपी’ या स्वतंत्र जोडफाइलीत असतात. त्यांचे नाते केवळ समान नावाने टिकत असल्यामुळे सर्वांचे नामांतर एकत्र करावे लागते. लाइटरूमसारख्या सूचीकारक आज्ञावलीत छायाचित्रे नोंदविलेली असल्यास नामांतर तिच्यातूनच करणे श्रेयस्कर. बाहेरून नाव बदलल्यास तिला ते छायाचित्र सापडत नाही.

म्हणून जाणकार प्रथम सर्व फाइलींची प्रत वेगळ्या साधनावर ठेवतात, नियमाची चाचणी थोड्या फाइलींवर घेतात, जुन्या व नव्या नावांची तुलनात्मक यादी जतन करतात आणि शेवटी फाइलींची संख्या पूर्वीइतकीच भरते की नाही ते पाहतात. मूळ चार अंकी क्रमांक नव्या नावाच्या अंती कायम ठेवल्यास मागचा माग काढणे सुलभ जाते.

देवनागरी नावे : युनिकोडमुळे फाइलींना मराठी नावे देता येतात. तथापि यूटीएफ-८ या सांकेतिक पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. लिनक्समध्ये नावाची कमाल मर्यादा सामान्यतः २५५ बाइट असल्याने अशा नावात ८५ चिन्हेच मावतात. मात्रा व हलन्त यांची गणना त्यांत स्वतंत्रपणे होते. काही अक्षरे दोन प्रकारे साठविता येतात. ‘कऱ्हाड’ या नावातील ‘ऱ’ हे एक चिन्ह म्हणून, किंवा ‘र’ व नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिले जाते. डोळ्यांना दोन्ही नावे सारखीच दिसतात. संगणकाला मात्र ती भिन्न वाटू शकतात व शोध घेताना निम्मी छायाचित्रे हाती लागत नाहीत. संपूर्ण संग्रहात एकच लेखनपद्धती पाळणे, हाच त्यावर उपाय होय.