न धावता शिकार करणारे प्रवाळ

काचेच्या पेटीत पाळलेले गप्पी किंवा गोल्डफिश तुम्ही पाहिलेच असतील. बांद्यासारख्या गावात राहणाऱ्या मुलाच्या मनात मग सहज येते, की समुद्र तर आपल्यापासून फार लांब नाही. त्यातलेच रंगीत प्रवाळ आणि मासे घरी का पाळू नयेत? कल्पना छान आहे. पण पेटीत ठेवायचा हा रंगीत दगड खरे तर एक शिकारी प्राणी आहे. त्याच्याबरोबर मासे ठेवले तर काय होईल, ते आज पाहू.

प्रवाळ हा प्राणी आहे हे माणसाला उशिराच कळले. १७०६ साली मार्सिली या इटालियन अभ्यासकाने लाल पोवळ्याची ताजी फांदी समुद्राच्या पाण्यात ठेवली. तिच्यावर आठ पाकळ्यांची पांढरी फुले उमललेली दिसली. पोवळे ही वनस्पतीच, असे त्याने ठरवले. पुढे १७२५ च्या सुमारास पेसोनेल या फ्रेंच वैद्याने उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर अशीच फांदी पाण्यात ठेवून निरखली. त्या ‘फुलां’ना धक्का लागताच ती मिटत आणि पाणी शांत झाले की पुन्हा उमलत. त्या पाकळ्या म्हणजे प्राण्याचे हात होते! पॅरिसच्या विद्वानांना हे पटायला मात्र आणखी बरीच वर्षे लागली.

कुपीतला बाण

या हातांना संस्पर्शक म्हणतात. प्रवाळ जागचा हलत नाही. मग तो शिकार कशी करतो? संस्पर्शकांवर असंख्य दंशपेशी असतात. प्रत्येक पेशीत एक सूक्ष्म कुपी, आणि कुपीत गुंडाळून ठेवलेली पोकळ नळी. कुपीतला दाब हवेच्या दाबाच्या सुमारे १५० पट असतो. भक्ष्याचा स्पर्श होताच कुपीचे झाकण उघडते, नळी बाणासारखी सुटते आणि विष टोचते. प्रवाळाचाच गोड्या पाण्यातला नातेवाईक म्हणजे हायड्रा. त्याच्यावर २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत हा बाण सुटायला एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळ लागल्याचे दिसले. एकदा सुटलेली कुपी पुन्हा कामी येत नाही; तिच्या जागी नवी पेशी तयार व्हावी लागते.

उथळ पाण्यातल्या बहुतेक प्रवाळांच्या पोटी एकपेशीय शैवाले राहतात. ती दिवसा सूर्यप्रकाशात अन्न बनवतात आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. रात्री प्रवाळ संस्पर्शक पसरून पाण्यातले बारीक जीव पकडतो. नारिंगी रंगाच्या सूर्यप्रवाळात अशी शैवाले नसतात. त्याला केवळ शिकारीवर जगावे लागते. काही प्रवाळ तर मोठी शिकारही करतात. तांबड्या समुद्रात छत्रीप्रवाळ आख्खे जेलीफिश गिळताना दिसले आहेत. भूमध्य समुद्रातले नारिंगी प्रवाळ शेजाऱ्यांच्या मदतीने जेलीफिश धरून ठेवतात, हे २०१८ साली प्रसिद्ध झाले.

पेटीतला तंटा

आता पेटीकडे वळू. मासा सशक्त आणि चपळ असेल तर तो संस्पर्शकांपासून दूर राहतो. पण आजारी, लहान किंवा रात्री तळाशी निजणारा मासा मांसल प्रवाळाच्या हाती सापडू शकतो. विदूषक मासा समुद्रफुलाच्या संस्पर्शकांतच सुखाने राहतो, कारण त्याच्या अंगावरच्या चिकट स्रावामुळे समुद्रफुलाचे बाण सुटत नाहीत. इतर माशांना हे कवच नसते. उलट, फुलपाखरू माशांच्या कित्येक जाती प्रवाळांचेच लचके तोडतात!

याहून मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. शिकारी प्रवाळाला मांसल खाद्य द्यावे लागते. त्याचे उरलेले तुकडे आणि माशांची विष्ठा यांपासून अमोनिया तयार होतो. जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. पण नव्या पेटीत हे जिवाणू पुरेसे वाढायला कित्येक आठवडे जातात. तोवर एखादा मासा दगडाआड मरून राहिला, तर त्याच्यामागोमाग प्रवाळही मरू शकतात. अथांग समुद्रात हे विष विरून जाते. शंभर लिटरच्या पेटीत ते कोठे जाणार? शिवाय पाण्याची वाफ होते, मीठ मात्र मागे उरते. म्हणून एका लिटरला सुमारे ३५ ग्रॅम हे क्षारांचे प्रमाण टिकवण्यासाठी रोज थोडे गोडे पाणी घालावे लागते.

मग काय करावे?

मालवणच्या समुद्रातले प्रवाळ तर घरी आणताच येत नाहीत. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा समुद्र १९८७ सालापासून सागरी अभयारण्य आहे. २००१ साली सर्व पाषाणप्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला, स्थान मिळाले. ओहोटीला खडकांतल्या डबक्यांत डोकावून प्रवाळ जरूर पाहा. मात्र त्यांच्यावर पाय देऊ नका आणि तुकडाही उचलू नका. बोटीतून पाहायला गेलात तर नांगर प्रवाळांवर पडत नाही ना, हे नावाड्याला विचारा.

घरी शिकार पाहायची असेल तर हायड्रा शोधा. स्वच्छ, संथ तळ्यातल्या थोड्या पाणवनस्पती त्याच तळ्याच्या पाण्यासह काचेच्या बरणीत आणा. नळाचे क्लोरीनयुक्त पाणी घालू नका. बरणी उजेडात, पण उन्हाबाहेर, एक-दोन दिवस हलवू नका. हायड्रा असतील तर काचेला चिकटलेले, अर्धा-एक सेंटिमीटर लांबीचे, टोकाला फाटे फुटलेले बारीक धागे भिंगातून दिसतील. आता एक पाणपिसू सोडा. ती धाग्याला टेकताच काय होते? किती वेळात ती निपचित पडते? वहीत नोंद करा आणि दोन-चार दिवसांनी सारे पुन्हा त्याच तळ्यात सोडून द्या. मालवणच्या खडकांवर रात्री जे चालते, तेच तुम्ही बांद्याच्या खिडकीत पाहिलेले असेल.