किती पावलांत?

जठारपेठेत भाजी घेताना आपण ‘किती?’ विचारतो आणि उत्तर लगेच मिळते. गणितात मात्र हाच प्रश्न माणसाला जन्मभर पुरतो. नाशिकजवळच्या देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांना तो असाच पुरला.

पाटी घ्या. चार अंकी संख्या लिहा. चारही अंक सारखे मात्र नकोत. समजा, ३५२४. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या, आणि वजाबाकी करा. ५४३२ वजा २३४५, उरले ३०८७. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८, उरले ८३५२. आणखी एकदा: ८५३२ वजा २३५८, उरले ६१७४. यापुढे कितीही वजाबाक्या करा, ६१७४ च येणार! ही गंमत कापरेकरांनी १९४९ साली मांडली.

आता प्रत्येक संख्या तिथे पोचते काय, आणि किती पावलांत? अशा संख्या आहेत ८९९१. संगणक त्या क्षणात तपासून सांगतो: सगळ्या पोचतात, जास्तीत जास्त सात पावलांत.

पण संगणक नसला तरी अडत नाही. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतले अंतर ९९९ ने गुणा, मधल्या दोन अंकांतले ९० ने, आणि बेरीज करा. पहिली वजाबाकी तीच येते. पहिले अंतर १ ते ९, दुसरे शून्यापासून पहिल्याइतके. म्हणजे जोड्या फक्त ५४! गुरुजी, वर्गात वाटून द्या. एका तासात काम फत्ते.

विचाराने मोजणी अशी आटोपते. पण संख्यांना अंतच नसेल तर? सम संख्येची निम्मी करा. विषमची तिप्पट करून एक मिळवा. ७ पासून १६ पावलांत १ येतो, २७ पासून मात्र १११ पावले लागतात. प्रत्येक संख्या शेवटी १ वर येतेच काय? संगणकांनी अफाट संख्या तपासल्या, सगळ्या आल्या. तरी सिद्धता कोणाला सापडलेली नाही. कारण कितीही तपासल्या तरी न तपासलेल्या उरतातच.

कापरेकरांच्या कामाला बड्या गणितज्ञांनी आधी फारशी किंमत दिली नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यावर लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर झाले. तेव्हा गुरुजी, एखादे पोर ‘असं किती वेळ चालंल?’ म्हणून विचारील, तर त्याला गप्प बसवू नका. पाटी पुढे करा.